पुस्तक मिटल्यावर किती उरतं?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा आहे. तासगावच्या अलीकडच्या एका गावातून ही मुलगी रोज एसटीनं सांगलीला येते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते सहा विश्रामबागेत एका कर सल्लागाराकडं कॉम्प्युटरवर नोंदी, घरी पोचायला साडेसात. मग आईला स्वयंपाकात हात लावायचा, जेवायचं आणि दहा ते एक अभ्यास. परीक्षेला २६ दिवस उरलेत. ती लिहिते, "रात्री तीन तास वाचते, सकाळी बसमध्ये आठवायला जावं तर पाटी कोरी. सर, एखादं चांगलं टाइमटेबल द्या."

वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढी आहेस म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. सांगलीत २७ वर्षं अकाउंट्स आणि कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवतोय. या काळात टाइमटेबल मागणारी शेकडो पोरं आली आणि सुरुवातीला मी त्यांना ती करूनही दिली. स्केचपेननं चौकटी आखून भिंतीवर लावलेली ती टाइमटेबलं तिसऱ्या दिवशी मोडायची. मग पोरगं अभ्यासापेक्षा टाइमटेबल मोडल्याच्या अपराधानंच जास्त दमायचं. म्हणून आता देत नाही.

तुझ्या प्रश्नातलं मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच वाक्य आहे. तीन तास वाचूनही सकाळी आठवत नाही, असं तू म्हणतेस. वेळ कमी आहे हे खरंच, पण आहे तो वेळही फुकट जातोय. तीनाचे पाच तास मिळाले तरी सकाळी पाटी कोरीच राहील, कारण तू दोन-दोनदा, तीन-तीनदा वाचतेस आणि एकदाही पुस्तक मिटून बघत नाहीस.

वर्गात मी दर वर्षी एक खेळ करतो. विचारतो, २० रुपयांच्या नव्या नोटेवर मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे? साठातली चार-पाच पोरं वेरूळ म्हणतात. बाकीची लाल किल्ला, ताजमहाल, काहीही सांगतात. नोट रोज हातातून जाते आणि समोर धरली की 'हीच ती' म्हणून लगेच ओळखू येते, पण न बघता सांगता येत नाही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. ऑडिटिंगचा धडा तिसऱ्यांदा वाचताना 'हे येतंय मला' असं जे वाटतं, ती नुसती ओळख असते. परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक समोर नसतं, तिथं आठवावं लागतं. आणि आठवायचा सराव तू २६ दिवसांत एकदाही करणार नसशील, तर तो पहिल्यांदा थेट पेपरातच होणार.

हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटानं एक उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण ज्यांची परीक्षा आठवड्यानं घेतली त्यांच्यात वाचणाऱ्यांचं उरलं ४० टक्के आणि लिहून बघणाऱ्यांचं ६१. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुझं रात्री एक वाजताचं समाधान आणि सकाळची कोरी पाटी यांचा हिशेब यात लागतो.

आता करायचं काय, ते कॉस्टिंगवरूनच सांगतो, कारण माझा हात तिथं बसलेला आहे. टप्प्याटप्प्यानं बनणाऱ्या मालाच्या खर्चाचं प्रोसेस कॉस्टिंग घे. बहुतेक पोरं सोडवलेलं गणित वाचतात, मान डोलावतात आणि पुढचं उघडतात. गणित वाचायची गोष्टच नाही. फक्त प्रश्न वाच, उत्तरावर वही ठेवून ते झाक आणि कोऱ्या कागदावर प्रोसेस अकाउंट मांडायला घे. अडशील. अडलीस की लगेच वही उचलू नकोस. दोन-तीन मिनिटं डोकं खाजव, मग तेवढीच ओळ बघ, परत झाक आणि पुढं जा. जिथं जिथं बघावं लागलं तिथं लाल पेननं खूण कर. गणित संपल्यावर त्या लाल खुणा हाच तुझा उद्याचा अभ्यास. बाकीचं तुला येतं, त्यावर परत वेळ घालवायचा नाही.

थिअरीलाही हेच. ऑडिटिंगमधला 'व्हाउचिंग', म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडून बघण्याचा, भाग एकदा शांतपणे वाच, अर्धा तास पुरे. मग पुस्तक मिटून पाठकोरा कागद घे आणि आठवेल ते तुझ्या भाषेत, मोडक्या वाक्यांत उतरव. दहा मिनिटं झाली की पुस्तक उघड आणि जे सुटलं ते लाल पेननं त्याच कागदावर लिही. पहिल्या दिवशी कागदावर निळ्यापेक्षा लाल जास्त दिसेल आणि वाईट वाटेल. पण आठवायचा तो त्रासच तर हवा आहे. सोपं जातंय असं वाटत असेल, तर तू बहुधा वाचतेस, अभ्यास करत नाहीस.

हायलायटरबद्दल एक बोलून घेतो. सांगली हळदीची पेठ आहे हे कबूल, म्हणून पुस्तकंही हळदीत बुडवून काढायची गरज नाही. काही मुलींची पुस्तकं बघितली की न रंगवलेली ओळ शोधावी लागते. २०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या. ओळी रंगवणं आणि परत परत वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवून करणं या दोनच पद्धती सगळ्यात वर राहिल्या.

पण एक अट आहे, आणि ती आधीच सांगायला हवी होती. मुळात समजलंच नसेल तर आठवायचं काय? नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस यांत फरक का करतात हेच कळलं नसेल, तर कोरा कागद कोराच राहणार आणि तू उगाच खचशील. अशा वेळी आधी कुणाकडून तरी समजून घे. मैत्रीण चालेल, सर चालतील, यूट्यूबही चालेल. आणि जमेल तिथं तो विषय घरच्या गोष्टीला जोड. तुमच्याकडं द्राक्षबाग असेल किंवा शेजारी तरी असेलच. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो. उरलेल्या वजनाचं पाणी उडून जातं. ते जाणारच हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, म्हणून तो नॉर्मल लॉस, आणि त्याचा बोजा चांगल्या मालाच्या किमतीवरच पडतो. पण शेडवर माल असताना अवकाळी पाऊस आला आणि शंभर किलो काळा पडला, तर तो ॲबनॉर्मल लॉस. तो चांगल्या बेदाण्याच्या किमतीत घातला तर शेजाऱ्यापेक्षा तुझा बेदाणा विनाकारण महाग दिसेल. म्हणून तो वेगळा काढून कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉस अकाउंटला टाकतात. तासगाव भागातल्या पोरांना हे असं सांगितलं की परत सांगावं लागत नाही. शहरातल्या पोरांना दोनदा सांगावं लागतं.

आता दिवसांचं बघू. एखादा धडा एका रात्रीत तीन तास रेटण्यापेक्षा तेच तीन तास चार वेगवेगळ्या दिवशी तुकड्यानं दिले तर जास्त टिकतं. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली हे स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं, असा त्याचा उद्योग. त्याला दिसलं की विसरण्याचा जोर पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणजे परत गाठ घालायची ती लवकर, आणि मग अंतर वाढवत न्यायचं. माझी पद्धत साधी आहे. आज केलेल्या धड्यासमोर डायरीत तीन तारखा घालायच्या, उद्याची, चार दिवसांनंतरची आणि दहा-बारा दिवसांनंतरची. त्या तारखेला धडा परत वाचायचा नाही, कोरा कागद घेऊन दहा मिनिटं लिहायचं, बस. तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी करायचं, रडत बसायचं नाही. एवढंच माझं टाइमटेबल.

आणखी एक चूक कॉमर्सच्या पोरांची ठरलेली असते. सोमवारी प्रोसेस कॉस्टिंगची दहा गणितं, मंगळवारी मार्जिनल कॉस्टिंगची दहा. दहावं गणित झपाट्यानं सुटतं आणि वाटतं, झालं! पण ते सुटतं कारण आधीची नऊ त्याच साच्यातली होती. पेपरात गणितावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. 'फिक्स्ड कॉस्ट इतकी, विक्री इतकी, नफा किती' असं आलं की इथं पी-व्ही रेशो, म्हणजे बदलता खर्च वजा जाता उरलेल्याचं विक्रीशी प्रमाण, काढायचा आहे हे आधी ओळखायला लागतं, आणि तेवढाच सराव झालेला नसतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली हे भूमितीच्या गणितांवर तपासलं. एकेका प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. म्हणून एखादा प्रकार नवा शिकताना दोन-तीन गणितं सलग कर, पण मग लगेच प्रोसेस, कॉन्ट्रॅक्ट, मार्जिनल अशी एकेक चिठ्ठी काढून सोडव. माझ्याकडं भडंगाच्या रिकाम्या डब्यात अशा चिठ्ठ्या असतात. पोरं हसतात, पण चिठ्ठी काढायला उठतात.

बसकडं येतो. जाता-येता मिळून तुझी दीड तासापेक्षा जास्त एसटी होत असणार. आठवड्याचे सहा दिवस धरले तर नऊ-दहा तास झाले. यात वाचायचा प्रयत्न करू नकोस. एक तर रस्ता असा आहे की अक्षरं नाचतात आणि मळमळतं, आणि संध्याकाळी उभं राहायला मिळालं तरी नशीब. पण आठवायला पुस्तक लागतच नाही! सकाळी बसायला जागा मिळाली की डोळे मिट आणि काल रात्रीच्या कागदावर काय काय होतं ते क्रमानं मनात म्हण. जिथं अडेल तो शब्द मोबाइलमध्ये टिपून ठेव आणि कॉलेजला पोचल्यावर तेवढाच बघ. वीस मिनिटं असं झालं तरी खूप. संध्याकाळची बस मात्र सोडून दे. सहा तास कॉलेज, चार तास काम, आणि परत बसमध्येही अभ्यास, हे कुणालाच झेपत नाही. खिडकी मिळाली तर झोप काढ.

झोपेवरून आठवलं. दहा ते एक हा वेळ मला पसंत नाही, पण तुझ्याकडं दुसरा वेळ आहे का हे मला इथून दिसत नाही. घरात सगळे झोपल्याशिवाय शांतता होत नसेल तर नाइलाज. तरी साडेअकराला थांबून पाचला उठता येतं का, ते चार दिवस करून बघ. बारानंतर आलेली पेंग म्हणजे आळस नव्हे. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, त्यामुळं झोप कापून वाचलेलं टिकतही नाही. मी स्वतः एम.कॉम.ला असताना पेपराच्या आदल्या रात्री चहाचा थर्मास घेऊन पहाटे चारपर्यंत जागलो. पेपरात पहिला प्रश्न ओळखीचा होता, कोणत्या पानावर आहे तेही आठवत होतं, पान डावीकडचं. त्यावर काय लिहिलंय तेवढं मात्र आठवलं नाही. तो पेपर कसाबसा सुटला.

अभ्यासिकेत जागा घेऊ का, असंही तू विचारलंयस. सांगलीत अभ्यासिका पुष्कळ आहेत आणि स्पर्धा परीक्षेची पोरं तिथं सकाळी सातला पाण्याची बाटली ठेवून बाक अडवतात. त्यातले काही खरोखर कष्ट करतात. काही बारा तास बसतात आणि 'बारा तास बसलो' हाच त्यांचा निकाल असतो. तुझ्या चोवीस तासांत तिथं जायला वेळ कुठला? कॉलेजची लायब्ररी तासांच्या मधल्या वेळेला वापर, फी वाचव.

आता नोकरी. इथं सगळं तुझ्या मालकांवर आणि घरच्या गरजेवर अवलंबून आहे, त्यामुळं मी जपून बोलतो. पण कर सल्लागाराच्या ऑफिसचं कॅलेंडर मला ठाऊक आहे आणि तू तर त्यातच बसतेस. आगाऊ कराचा १५ मार्चचा हप्ता, २० तारखेचं जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-३बी, ३१ मार्चची वर्षअखेर, मग पुढच्या महिन्याच्या ११ तारखेचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१. तुझा पेपर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणजे नेमका या गर्दीच्या शेपटाला आहे. २८ मार्चला जाऊन 'मला सुट्टी पाहिजे' म्हणालीस तर सरळ नाही म्हणतील, आणि त्यांचंही चुकत नाही. त्याऐवजी उद्याच जा. ३१ पर्यंत एकही दिवस चुकवणार नाही, गरज पडली तर तासभर जास्त थांबेन, पण १ एप्रिलपासून परीक्षा संपेपर्यंत मोकळं सोडा, असं सांग. हातात देण्यासारखं काही असलं की बोलणं सोपं जातं. पगार कापतील असं धरूनच चाल आणि घरी तसं आधी सांगून ठेव. कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका' वर आपली पश्चिम महाराष्ट्रातली कित्येक घरं उभी राहिली, त्यामुळं काम करून शिकण्यात कमीपणा काही नाही. पण त्यात 'शिका' हा शब्दही आहे, हे मालकांना गोडीत सांगता येतं.

घरच्यांशीही एकदा बोल. हंगाम चालू असताना मुलीनं पुस्तक घेऊन बसावं हे कुठल्याच आईला पटकन पचत नाही. स्वयंपाक टाळू नकोस, पण भांडी तरी २६ दिवस भावाकडं जाऊ देत. भाऊ नसेल तर हे वाक्य सोडून दे.

शेवटच्या आठवड्याचं थोडक्यात. विद्यापीठाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ, सीनियरकडं किंवा लायब्ररीत मिळतील. मात्र अभ्यासक्रम बदललेला नाही ना, ते आधी तपास. १ तारखेनंतर एक दिवसाआड एक पेपर घड्याळ लावून, पूर्ण, हातानं लिहून काढ. टायपिंगची सवय झालेल्या बोटांना सलग लिहायचा सराव राहत नाही, आणि शेवटचा प्रश्न अर्धवट राहतो तो बऱ्याचदा माहिती नसल्यामुळं नाही, हात दुखल्यामुळं. 'आयएमपी' म्हणून फिरणाऱ्या झेरॉक्सवर विसंबू नकोस. माझ्याच नावानं फिरणारी एक यादी मी दोन वर्षांपूर्वी बघितली, मी ती केलेलीच नव्हती.

एखादा विषय अजून उघडलाच नसेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. मग २६ दिवसांत पूर्ण पुस्तक धरू नकोस. जास्त मार्कांचे चार धडे निवड आणि तेवढ्यावरच ही पद्धत चालव. कुठला विषय राहिलाय ते कळव, धडे निवडायला मदत करतो.

आज रात्री दहाला मात्र एवढंच कर. काल वाचलेला धडा कोणता होता ते आठव, पुस्तक पिशवीतून बाहेरच काढू नकोस, आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिही. अर्धा कागद रिकामा राहील बहुतेक. फाडू नकोस. कोपऱ्यात आजची तारीख टाक आणि डायरीत घालून ठेव.